रहाटगाडगं

स्पेलिंगमध्ये घ आहे, म्हणायचं कीथली.
सहा वर्षं झाली तरी बसचा ड्रायव्हर
माझा उच्चार सुधारतो.
लिहिलेलं एक आणि चालणारं दुसरं,
हे गाव मला केव्हाचं सांगत होतं.

ब्रेंडा अक्रॉइडनं जुन्या फ्लॉपीतली फाइल पाठवली.
तिचे वडील, हेडली, गिरणीत नक्षी काढायचे,
आणि पंच्याऐंशी साली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
त्यांनी घरच्या संगणकाला मागाची भाषा शिकवली:
कुठल्या ओळीत कुठला धागा.
आमच्या एम्युलेटरवर ते सगळं नीट चालतं
दोनशे बाराव्या ओळीपर्यंत.
मग खिडकी मिटते.
ना निरोप, ना रामराम.

दिवसा मी चष्म्याच्या काचा घासते.
रात्री, हीटरवर पाय ठेवून,
एकेक आज्ञा पुढे ढकलत बसते,
कीर्तनात झोप लागलेल्या माणसाला
कोपरानं ढोसावं तशी.
पहिल्या रात्री शंका फाइलवर.
दुसऱ्या रात्री हेडलींवर, देव माझं भलं करो.
तिसऱ्या रात्री, सव्वा दोनला, ती ओळ सापडली.
कुणी लिहिली म्हणून विचारायची एक आज्ञा असते.
विचारलं.
माझंच नाव आलं, तारखेसकट.

मी स्टॅकची उतरंड रचली होती.
एकावर एक गाडगी, वरून ठेवा, वरूनच उचला,
आजोळच्या माजघरात होती तशीच,
शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत मोजलेली.
हेडलींचा प्रोग्राम सगळी गाडगी उचलून झाल्यावरही
आणखी एक मागत होता.
दोनशे छप्पन्नावं.
तसं गाडगं माझ्याकडे नव्हतं.
हात भिंतीत गेला आणि घर कोसळलं.

पण ती जुनी चिप
या जागी कधीच कोसळली नव्हती.
तिच्याजवळ आठच बिटं, तिला पुढचा आकडा माहीतच नव्हता.
दोनशे पंचावन्न झाले की ती निमूट शून्यावर यायची.
मला हसू आलं, मग थोडी लाजही वाटली.
उतरंड नव्हतीच ती.
रहाट होता.

दुरुस्ती केवढी?
एक 'आणि', त्याच्यापुढे दोनशे पंचावन्न.
एवढा एक 'आणि' मी सहा वर्षांपूर्वी विसरले होते.

दोनशे बारा. दोनशे तेरा.
कापड पडद्यावरून उतरू लागलं,
राखाडी, निळं, राखाडी, निळं,
आणि दोनशे बाराव्या ओळीत
मधोमध एकच धागा पिवळा.

पुन्हा घाम फुटला. म्हणजे अजून चुकतंय.
शून्याच्या गाडग्यात डोकावले:
कुणी तरी तिथे आधीच पिवळा ठेवला होता.
जागेची तंगी म्हणून?
की त्या माणसाला रहाट ठाऊक होता
आणि मुद्दामच एक फेरा जास्त मारला त्यानं?
कोडमध्ये टीप नाही. कोड असल्या बाबतीत मुका.

टोबायसनं दुरुस्ती स्वीकारण्याआधी विचारलं,
तो पिवळा बग आहे का? काढायचा का?
मी म्हटलं, थांब.
ब्रेंडाला लिहिलं.

दोन दिवसांनी फोटो आला.
सोफ्यावर घडी घातलेलं जुनं ब्लँकेट,
कडेला चहाचा डाग,
राखाडीनिळ्यात एक पिवळी रेघ आणि तिच्यावर ब्रेंडाचं बोट.
खाली इतकंच:
आम्ही लहानपणी हिच्यावरून भांडायचो,
ही बाजू कुणाच्या उशाला.

मी टोबायसला कळवलं, राहू दे.
चाचणीही लिहिली,
उद्या कुणी शहाणपणा करून
तो धागा पुसायला गेलाच
तर लाल दिवा लागावा म्हणून.